वेताळालाही जुळी झाली

कॉमिक्सच्या वेडाविषयी एक समज आपल्याकडे आता चांगलाच रुजला आहे. हे वेड तरुणांचं, मोकळ्या वेळेचं आणि मोकळ्या खिशाचं. शनिवार-रविवार गाठून कॉमिक कॉनला जायचं, कुणी जोकर होऊन आलेलं असतं, कुणी नारुतो, त्यांच्याबरोबर फोटो काढायचे, चित्रकाराची सही घ्यायची, महागडी मूर्ती छातीशी धरून लोकलने परतायचं. पुढे लग्न होतं, एक मूल होतं, दुसरं होतं, आणि हा माणूस घरी बसतो. घरी बसून तो जुने अंक चाळतो, पोरांना वेताळाच्या गोष्टी सांगतो, तर त्याला फार तर ‘आवड टिकवलीस हं’ एवढी शाबासकी मिळते. निवृत्त रणजीपटू सोसायटीच्या आवारात बॅट घेऊन उतरला की मिळते, तीच.

मला हा समज उथळ वाटतो, कारण चाहतेपण नेमकं कुठे राहतं हेच तो चुकीचं सांगतो. माझं म्हणणं असं की कॉमिक्सची चाहतेसंस्कृती घरात जन्मली, तिचं खरं काम आजही घरातच चालतं, आणि वाढत्या कुटुंबात तिचा कस जितका लागतो तितका कुठल्याही मेळाव्यात लागत नाही. मेळावा ही तिची जत्रा. जत्रेला माझा विरोध नाही, मीही हौसेने जाईन. पण पंढरपूरला जाणं जमलं नाही म्हणून वारकऱ्याच्या घरची एकादशी कमी प्रतीची ठरत नाही.

१. आधी पोस्टमन, मग मांडव

नुसता कालक्रम पाहिला तरी निम्मा वाद मिटतो. सुपरमॅन १९३८ साली आला. त्यानंतरची वीसेक वर्षं अमेरिकेतल्या बहुतेक कॉमिक्सवेड्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, अगदी शब्दशः. १९६० नंतर काही अंकांत वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापले जाऊ लागले आणि संपादकाला पत्र लिहिणारे एकमेकांना लिहू लागले. १९६१ साली डेट्रॉइटच्या जेरी बेल्स या प्राध्यापकाने साध्या डुप्लिकेटरवर प्रती काढून ‘ऑल्टर एगो’ हे चाहत्यांचं नियतकालिक सुरू केलं. न्यूयॉर्कमध्ये वाचकांचा छोटासा मेळावा भरला तो १९६४ मध्ये, आणि सॅन डिएगोचा आज जगभर गाजणारा मेळावा सुरू झाला १९७० मध्ये, तोही जेमतेम तीनशे माणसांनिशी. आता तिथे सव्वा लाखाहून अधिक लोक येतात. म्हणजे या मोठ्या मेळाव्याच्या आधी जवळजवळ दहा वर्षं ही संस्कृती मुख्यतः पोस्टाच्या तिकिटावर आणि कुणाच्या तरी घरातल्या टेबलावर जगत होती.

जपानची गोष्ट वेगळी नाही. टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये ‘कॉमिकेट’ हा चाहत्यांचा मेळावा पहिल्यांदा भरला तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. गटांनी विकायला आणलेली पुस्तिका त्यांनी स्वतः लिहिलेली, स्वतः चितारलेली होती. मांडव एका दिवसाचा. त्यामागचं काम कित्येक रात्रींचं, आणि ते घरचं.

आपल्याकडे तर मांडव फारच उशिरा आला. दिल्लीतलं पहिलं कॉमिक कॉन २०११ सालचं. मग त्याआधी इथे चाहते नव्हते? ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झालं, पुढे मराठीतही निघू लागलं, १९९० पर्यंत त्याचे आठशेहून अधिक अंक आले. वेताळ (म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’), मॅन्ड्रेक आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर यांच्यावर मराठी घरांतली एक अख्खी पिढी पोसली गेली. दहा-बारा अंक एकत्र करून दाभणाने शिवायचे आणि वर पुठ्ठा चढवायचा. उन्हाळ्याच्या सुटीत चाळीच्या जिन्यात दोरी बांधून तिच्यावर अंक लटकवायचे आणि दिवसाच्या भाड्याने द्यायचे. एकाकडे गोष्टीचा पहिला भाग, दुसऱ्याकडे दुसरा, म्हणून दोन घरांची मैत्री व्हायची. हे सगळं चाहतेसंस्कृतीचंच काम होतं, फक्त तिला कुणी इंग्रजी नाव दिलं नव्हतं.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मला सुपंडीचं वाटतं. ‘टिंकल’ १९८० साली निघालं. त्यानंतर तमिळनाडूतल्या तिरुचीहून एका वाचकाने एका भोळसट गड्याच्या गोष्टी लिहून पाठवल्या. त्यातून १९८३ साली सुपंडी उभा राहिला आणि राम वाईरकरांनी त्याला ते लांबुळकं डोकं दिलं. वाईरकरांच्या पश्चात त्यांच्या मुलीने, अर्चना आंबेरकर यांनी, सुपंडी चितारला. भारतातल्या मुलांच्या सर्वात लाडक्या पात्रांपैकी एक पात्र एका वाचकाच्या घरून निघालं आणि एका चित्रकाराच्या घरात पुढच्या पिढीकडे गेलं. यात मेळावा कुठे आहे?

२. जत्रा पडद्यावर आणली म्हणून घर होत नाही

इथे कुणी २०२० चा दाखला देईल. त्या वर्षी साथीमुळे सॅन डिएगोचा मेळावा रद्द झाला आणि आयोजकांनी जुलैत ‘कॉमिक-कॉन ॲट होम’ या नावाने सगळा कार्यक्रम फुकट, घरबसल्या पाहता येईल असा केला. मान्यवरांच्या चर्चा आधी ध्वनिचित्रमुद्रित करून इंटरनेटवर टाकल्या. प्रत्यक्ष सभागृहात असतो त्याच्या पासंगालाही तो उत्साह पुरला नाही. म्हणजे घरून ही मजा येत नाही, हेच सिद्ध झालं ना?

सिद्ध झालं ते इतकंच, की जत्रेचा आनंद जत्रेत असतो. गर्दी, ताटकळणं, अनोळखी माणसाने आपल्या शर्टावरचं चित्र ओळखून हसणं, या गोष्टी पडद्यातून येत नाहीत, आणि त्या गेल्यावर उरते ती जाहिरात. त्या प्रयोगाने घराला प्रेक्षागृह समजण्याची चूक केली. घराची स्वतःची साधनं निराळी आहेत. वेळ हे त्यातलं पहिलं. पंधरा-पंधरा वर्षं चालणारा वेळ. पुनरावृत्ती हे दुसरं. चार वर्षांचं मूल एकच गोष्ट सलग चाळीस रात्री मागतं आणि एकेचाळिसाव्या रात्री तुम्ही एक वाक्य गाळलंत तर पकडतं. असा चिकित्सक वाचक कुठल्या मेळाव्यात भेटतो ते मला दाखवा. तिसरं साधन म्हणजे एकाच अंकाभोवती तीन वयांची माणसं असणं. त्याकडे पुढे येतो.

३. फाडणाऱ्या हातांचे उपकार

वाढत्या कुटुंबाविरुद्ध सर्वात व्यवहारी वाटणारा मुद्दा संग्रहाचा आहे. मुलं अंक फाडतात, रंगवतात, त्यावर वरणाचे डाग पाडतात. म्हणून संग्रह माळ्यावर जातो, प्लास्टिकच्या पिशवीत, कुलपात. इथे चाहता आणि बाप यांच्यात भांडण लागतं, आणि बहुतेक वेळा बाप हरतो.

पण जुन्या अंकांना किंमत कशामुळे येते, याचा जरा विचार करा. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो अंक १० सेंटला मिळत होता. त्याची एक प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरला विकली गेली. इतकी महाग का? कारण बाकीच्या प्रती मुलांनी वाचून वाचून संपवल्या, आयांनी रद्दीत दिल्या, महायुद्धाच्या काळात कागद गोळा करणाऱ्यांनी नेल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींची दुर्मिळता ही हजारो घरांतल्या चिकट हातांची देणगी आहे.

याची उलट तपासणीही इतिहासाने करून ठेवली आहे. १९९०च्या दशकात लोकांनी ठरवून अंक सांभाळायला घेतले. १९९१ साली ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या सुमारे ऐंशी लाख प्रती गेल्या. १९९२ च्या अखेरीस सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या बंद पिशवीत आला. कित्येकांनी चार-चार घेतले, एकही उघडला नाही, मुलांच्या कॉलेजची सोय झाली म्हणून निर्धास्त झाले. सगळ्यांनीच सांभाळल्यावर दुर्मिळ काय राहणार? बाजार कोसळला, दुकानं बंद पडली, १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. न वाचलेल्या कॉमिकची किंमत बाजारानेच ठरवली, आणि ती जवळजवळ शून्य निघाली.

संग्रह करूच नये, असं मी म्हणत नाही. दोन कप्पे करावेत. वरचा कप्पा आपला, हात धुऊन हाताळायचा. खालचा मुलांचा, आणि खालच्या कप्प्यातल्या अंकाचं काय झालं हे विचारायचं नाही. आमच्याकडच्या एका शिवलेल्या गठ्ठ्याला शेवटचं पान नाही. त्या गोष्टीचे घरात आजवर निदान सहा शेवट झाले आहेत, आणि त्यातले दोन मूळ शेवटापेक्षा बरे आहेत, असा मला संशय आहे.

४. ‘मध्ये काय झालं?’

कॉमिक हा प्रकार मुळात कसा वाचला जातो, हेही माझ्या बाजूचं आहे. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये दोन चौकटींमधल्या कोऱ्या फटीवर बोट ठेवलं. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर उमटलेली किंकाळी. घाव कुणी घातला? वाचकाने. चित्रकार दोन टोकं देतो, मधलं घडवण्याचं काम वाचकाकडे असतं. मोठा माणूस हे इतक्या सवयीने करतो की त्याला ते केल्याचं कळतही नाही. मांडीवरचं मूल मात्र थांबवतं आणि विचारतं, ‘मध्ये काय झालं?’

हा प्रश्न आला की एकट्याचं वाचन सामाईक होतं. पाच वर्षांच्या धाकटीला अक्षरं येत नाहीत, म्हणून ती चित्र वाचते. कोपऱ्यातलं माकड, मागच्या पानावर असलेली आणि या पानावर गायब झालेली टोपी तिलाच दिसते. दहा वर्षांचा थोरला फुग्यातले संवाद वाचतो आणि चित्रांवरून घाईने पुढे सरकतो. आई-बापांना जुनी गोष्ट आठवत असते आणि ते अंकात नसलेलंही सांगतात. तिघांचं भांडण होतं, पान उलटायचं कुणी यावरून होतंच, पण गोष्ट काय आहे यावरूनही होतं. समीक्षा म्हणतात ती याहून फार वेगळी नसते.

भाषेचा मुद्दा मला याहूनही मोठा वाटतो. आज शहरी मराठी घरांतली कितीतरी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, आणि मराठीत त्यांच्यासाठी निघणारी नवी कॉमिक्स बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून घरोघरी एक अनुवादक तयार झाला आहे, ज्याची कुठे नोंद नाही. पान इंग्रजी, आवाज मराठी. इंग्रजीतल्या ठोशांच्या आवाजांना मराठीत धप्प, फाडकन, खाडकन, दाणकन अशी घसघशीत रूपं मिळतात, आणि कुठला ठोसा ‘दाणकन’ आणि कुठला ‘फाडकन’ यावर मुलांचं मत ठाम असतं. परदेशातल्या मराठी कुटुंबांत हे काम दुप्पट महत्त्वाचं आहे. न्यू जर्सीला किंवा सॅन होजेला निघालेल्या बॅगांमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी ‘अमर चित्रकथा’ वर्षानुवर्षं गेल्या. तिथल्या नातवंडांना मराठी ऐकू आली असेल, तर त्यात या चोपड्यांचाही वाटा आहे.

आणि चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू केलेल्या या पोराचं वय कधी वाढलं नाही. त्याच्याबरोबर सकाळी दूध पिणारी मुलं मात्र आई-बाप झाली. आता ती तीच चार चौकटींची पट्टी मुलांना दाखवतात तेव्हा चिंटूच्या पप्पांची बाजू त्यांना पहिल्यांदा कळते. एकाच चित्राचे हे दोन अर्थ मिळायला मध्ये वीस-पंचवीस वर्षं आणि एक मूल असावं लागतं.

५. संसार नायकाला बाधतो का?

कुटुंबाने चाहतेपण संपतं, हा समज कॉमिक्सच्या धंद्यातूनच आलेला असावा, अशी मला शंका आहे. स्पायडरमॅनचं लग्न १९८७ साली झालं. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, मार्व्हलच्या संपादकांना ते डोईजड झालं, कारण बायको असलेला नायक म्हातारा वाटतो. घटस्फोटाने तर तो आणखी वयस्कर वाटला असता. मग त्यांनी एका सैतानाकडून सौदा करवला : नायकाच्या मे काकूचा जीव वाचेल, पण लग्न कधी झालंच नव्हतं असं होईल. चाहते खवळले, आणि ते बरोबर होतं. त्यांच्या वयाबरोबर वाढणाऱ्या नायकाला कुणीतरी मागे ओढून पुन्हा पंचविशीत बसवलं होतं.

याउलट आपला वेताळ. ली फॉकने १९३६ साली तो निर्माण केला तेव्हापासून त्याची सगळी दहशत वंशावर उभी आहे. चाच्यांना वाटतं तो अमर आहे. खरं तर तो एकविसावा आहे, आणि १५३६ पासून बापामागून मुलगा तोच वेश चढवत आला आहे. १९७७ मध्ये फॉकने त्याचं डायनाशी लग्न लावलं, पुढे किट आणि हेलोइज ही जुळी झाली. कवटीच्या आकाराच्या गुहेत बाळांचा पाळणा आला म्हणून वेताळ बुळा झाला नाही, उलट पहिल्यांदाच त्याच्या गोष्टीला अर्थ आला. ज्याच्या अमरत्वाचं रहस्य मुलं हेच आहे, त्याच्या चाहत्याने मुलं झाली म्हणून चाहतेपण सोडावं, ही तर नायकाचीच थट्टा झाली.

६. आक्षेपांकडे

पहिला आक्षेप : हे सगळं स्मरणरंजन मुलांवर लादणं आहे. हा खरा आहे, आणि बापांच्या बाबतीत विशेष खरा आहे. ‘आमच्या वेळचा वेताळ बघ’ हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येतं तिथे चाहतेपण वारसा न राहता शिक्षा होते. यावर एकच इलाज मला ठाऊक आहे : देवाणघेवाण. मुलाने वेताळ वाचावा, तर बापाने जपानी ‘वन पीस’ वाचावं, उजवीकडून डावीकडे, कंटाळा न दाखवता. एक बाजू देत राहिली आणि दुसरीने फक्त घ्यायचं ठरलं, तर त्याला संस्कृती म्हणत नाहीत, शिकवणी म्हणतात.

दुसरा : जुन्या कॉमिक्समधली दृष्टी आज घरात आणण्याजोगी नाही. जंगलातल्या टोळ्यांचा रक्षणकर्ता गोरा, ‘अमर चित्रकथे’त देव उजळ आणि राक्षस काळे, बायका बऱ्याचदा वाट पाहणाऱ्या. हे नाकारता येत नाही. ‘इंद्रजाल’च्या संपादकांनाही खुपलं असणार, म्हणून मूळ गोष्टीतला ‘बंगाली’ देश इथे ‘डेंकाली’ झाला आणि ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. पण या गोष्टी मूल कुठे ना कुठे वाचणारच आहे, आणि शेजारी बसून ‘हा राक्षसच काळा का?’ असं विचारणारं माणूस घराशिवाय कुठे मिळणार? मी तर म्हणतो, ‘अमर चित्रकथा’चा १९७९ चा बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक आणि २०११ चं ‘भीमायन’ एकाच फळीवर ठेवा. ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चौकटी जवळपास मोडूनच टाकल्या आहेत. तिथे मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं आणि जातीचं विखारी बोलणं विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. ते एकदा पाहिलेलं मूल नंतर साध्या गोल फुग्यांतही नांगी शोधू लागतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अडचणीचा वाटतो, आणि तो सहसा कुणी घेत नाही. ‘घरून जोपासलेली आवड’ म्हणजे बहुतेक घरांत नवऱ्याने सोफ्यावर अंक घेऊन बसणं आणि बायकोने कुकर लावणं. मेळाव्याला गेलेला माणूस निदान स्वतःचा वडापाव स्वतः विकत घेतो. याला माझ्याकडे बचाव नाही, फक्त एक अट आहे. वाचनाची वेळ ही मुलं तिच्या पायांतून बाजूला काढण्याची वेळ असली पाहिजे, आणि काही दिवस अंक तिच्या हातात आणि झारा त्याच्या हातात असला पाहिजे. तिच्या लहानपणी तिचा आवडता अंक कोणता होता, तिने तो भावाच्या आधी वाचायला कसा मिळवला, हे किती नवऱ्यांनी विचारलं आहे? या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर त्या घरात एकच चाहता आहे असं समजू नका. दुसरीला बोलावलेलं नाही, इतकंच.

चौथ्याचं उत्तर थोडक्यात. घरात अनोळखी माणूस भेटत नाही, म्हणून आवड आक्रसते, असं म्हणतात. आक्रसते, कबूल. म्हणूनच वर्षातून एखादी जत्रा असावी, शेजारच्या मुलांना अंक न्यायला दार उघडं असावं, आणि पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात, मुंबईत असाल तर माटुंग्याच्या पदपथावर एखादा रविवार घालवावा.

७. तेव्हा

माळ्यावर प्लास्टिकमध्ये बांधलेली ती पेटी या आठवड्यात खाली उतरवा. कसर लागली असेल तर उन्हात ठेवा, सुटी पानं खळीने चिकटवा, वरचा कप्पा कुठला आणि खालचा कुठला ते मुलांसमक्ष ठरवा, आणि पहिला अंक खालच्या कप्प्यातला काढा. उशीर करू नका, रद्दीवाला रविवारी येतो.